कंबरेचा एमआरआय काढताय? या चुका टाळा

मेहुण्यांनी फिल्म बाल्कनीच्या काचेला लावून धरली होती आणि शेजारचे काका मणक्यांमधल्या एका काळपट चकतीवर बोट ठेवून सांगत होते, "ही बघा, गादी गेली!" मेहुण्यांची रोज वारजे ते हिंजवडी दुचाकी, त्यात कंबर धरून जेमतेम चार दिवस झालेले. डॉक्टरांना दाखवायच्या आधीच स्कॅन उरकला होता.

चूक इथेच झाली. साधी कंबरदुखी बहुतेकांची सहा आठवड्यांत ओसरते; तोवर स्कॅन काढून उपचार सहसा बदलत नाहीत. पण लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. ताप, घटतं वजन, पूर्वीचा कॅन्सर, मोठा अपघात, यातलं काही असेल तरी थांबू नका. आपल्याकडे मणक्याचा टीबीही होतो.

दुसरी चूक रिपोर्टची. 'डिस्क डेसिकेशन' म्हणजे चकतीतलं पाणी कमी होणं, वयाबरोबर केस पिकावेत तसं. २०१५च्या एका आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांचे स्कॅन धरले होते. त्यात पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांत 'बल्ज' म्हणजे चकतीचा फुगवटा होता, विशीतल्याही ३० टक्क्यांत! त्यामुळे रिपोर्टची ओळ तुमच्या पायातल्या त्रासाशी जुळते का, हे महत्त्वाचं. मेहुण्यांच्या रिपोर्टात एल४-एल५ला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, डावीकडे फुगवटा, आणि मुंग्या उजव्या पायात. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवली, आधी टाचांवर चालवलं, मग चवड्यांवर. टाचांवर तोल गेला तर पायात जाणारी एल५ नस दबलेली, चवड्यावर अंग उचलता आलं नाही तर तिच्या खालची एस१, असा साधारण हिशोब. दोन्ही जमलं.

एक्स-रेत चकती दिसतच नाही, हाडं दिसतात. 'एक्स-रे नॉर्मल म्हणजे गादी नीट' असं धरू नका. पेसमेकर असेल, अंगात धातू बसवला असेल, तर मशीनजवळ जायच्या आधी सांगा. मणक्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर तेही, कारण जुना व्रण आणि नवी चकती वेगळी ओळखायला कधी इंजेक्शन देऊन स्कॅन करावा लागतो. जुन्या फिल्म्स रद्दीत घालू नका. आणि बरं वाटत असताना 'गादी जागेवर आली का' बघायला पुन्हा स्कॅन कशाला? चकतीचा बाहेर आलेला तुकडा पुष्कळदा आपोआप आकसतो.

मेहुणे आता तळजाईला चालायला जातात. फिल्म कपाटावर पडून आहे. परवा शेजारच्या काकांनी ती मागितली, स्वतःच्या कंबरेशी ताडून बघायला.