अन्नतंत्राची पदवी झाली, आता कारखान्याची तयारी

बायोडेटा छापायच्या आधी हात तयार करा. सोलापूरच्या चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणीच्या) जागेसाठी गेलात, तर गुणपत्रिकेच्या पलीकडचे विचारले जाणारच.

घरचेच उदाहरण घ्या. शेंगा चटणीचे पाकीट समोर ठेवा आणि दाणे उतरवून घेण्यापासून पॅकिंगपर्यंतचा फ्लो चार्ट स्वतः काढा. प्रत्येक टप्प्याला विचारा, इथे काय बिघडेल? ओल धरलेल्या दाण्यांवर बुरशी येते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. भाजल्याने ते थोडे कमी होते, पण पूर्ण जात नाही. म्हणून खरा ताबा खरेदी आणि निवडणीवरच हवा: सुरकुतलेला, काळवंडलेला दाणा तिथेच बाजूला पडला पाहिजे. भाजलेला माल गरम असतानाच भरला, तर पाकिटात वाफ धरते, चटणी ओलावते. हवा-उजेड लागला की तेल खवट होते. ते पेरॉक्साइड व्हॅल्यूवर, म्हणजे तेल किती बिघडू लागले ते सांगणाऱ्या आकड्यावर दिसते. कच्च्या लसणाबरोबर पाणी येते, त्यामुळे वॉटर अॅक्टिव्हिटी, म्हणजे सूक्ष्मजीवांना वापरता येईल असे पाणी किती, ते मोजायची सवय लावा. 0.60 च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही. एवढे एक पाकीट नीट उलगडता आले, तर हॅसॅप, म्हणजे धोके आधीच ओळखून ताब्यात ठेवायची पद्धत, समजले.

उपकरणे रोज वापरून पाहा. पीएच मीटर (आंबटपणा मोजणारा) 7 आणि 4 पीएचच्या बफर द्रावणांवर लावून घ्यायचा. रिफ्रॅक्टोमीटर डिस्टिल्ड वॉटरवर शून्य करायचा. त्यावर दिसणारे ब्रिक्सचे, म्हणजे रसातल्या साखरेचे, आकडे 20 अंश सेल्सिअसचे असतात. आपल्याकडच्या मे महिन्यात डाळिंबाचा कोमट रस साध्या रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवला, तर वाचन खरे असते त्यापेक्षा कमी येते. तापमानाची दुरुस्ती करायला शिका. डेअरीत जाणार असाल तर दूध पाश्चराइझ करायला 72 अंशांना 15 सेकंद हे पाठ असेलच. पण तापमान घसरले की फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह दूध मागे का वळवतो, हेही सांगता आले पाहिजे.

नोंदीबाबत मात्र अजिबात ढिलाई नको. शिफ्ट संपताना चार तासांची वाचने एकदम भरणे ही फसवणूकच, आणि तक्रार आली की तेच पान उघडे पडते. आकडा चुकला तर व्हाइटनर नको: एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख.

एक्सेल आणि एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षेची केंद्रीय संस्था) फॉस्टॅक हे अन्नसुरक्षा प्रशिक्षण उरकून घ्या. रात्रपाळीची तयारी ठेवा. लाइनवर मराठीबरोबर तेलुगू, कन्नडही कानावर पडेल. कामाचे चार शब्द शिका. वर्षानुवर्षे दाणे निवडणाऱ्या ताईंना वासावरूनच खवटपणा कळतो, त्यांना विचारत राहा.

मुलाखतीच्या दिवशी नखे कापलेली हवीत. अंगठी, घड्याळ घरीच ठेवा, अत्तर लावू नका. प्लांट दाखवायला नेले तर टोपी कानांवरून ओढून घ्या आणि कोणी सांगायच्या आधीच हात धुवा.