अमेरिकी टॉक रेडिओतील कार्यक्रम स्टेशन का बदलतो, हे कसे शोधावे

अमेरिकेत रोज दुपारी गाडी चालवताना एकाच निवेदकाचे बोलणे ऐकण्याची सवय असलेला श्रोता जानेवारीतल्या एखाद्या सोमवारी नेहमीचे स्टेशन लावतो आणि त्याला भलताच आवाज ऐकू येतो. स्टेशनने राजकीय कूस बदलली किंवा निवेदकाला बोलू दिले जात नाही, अशी त्याची पहिली शंका असते. उजव्या विचारांच्या टॉक रेडिओबाबत ही शंका बहुतेक वेळा चुकीची ठरते. खरे कारण कागदपत्रांत, करारांत आणि मालकीत दडलेले असते आणि थोडे चिकाटीने पाहिले तर बाहेरच्या माणसालाही ते सापडते.

सुरुवात करताना निवेदक, कार्यक्रम वितरित करणारी कंपनी आणि स्थानिक स्टेशन हे तीन पक्ष मनात वेगळे ठेवावेत. वितरण कंपनी कार्यक्रम उपग्रहाद्वारे शेकडो स्टेशनांना पुरवते. बहुतेक कार्यक्रमांसाठी स्टेशन रोख रक्कम मोजत नाही; त्याऐवजी प्रत्येक तासातली काही मिनिटे ते वितरण कंपनीला देते. त्या मिनिटांत कंपनी देशभरच्या जाहिराती वाजवते आणि उरलेली मिनिटे स्टेशन आपल्या शहरातल्या जाहिरातदारांना विकते. रश लिंबॉ यांच्यासारख्या फार मोठ्या निवेदकासाठी मात्र स्टेशने वर शुल्कही भरत असत. या व्यवहारातून एक गोष्ट ओघाने येते: राष्ट्रीय जाहिरातदाराला न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो ही शहरे हवीच असतात, त्यामुळे तिथे कार्यक्रम ऐकू येणे ही वितरण कंपनीची निकड असते. छोट्या गावातले स्टेशन हातचे गेले तर तिला फारसा फरक पडत नाही, पण न्यूयॉर्कमधले गेले तर ती दुसरी जागा मिळेपर्यंत स्वस्थ बसत नाही.

म्हणून पहिला प्रश्न मालकीचा विचारावा. १९८७ मध्ये संघीय दळणवळण आयोगाने वादग्रस्त विषयांची दुसरी बाजूही मांडण्याची सक्ती रद्द केली आणि १ ऑगस्ट १९८८ रोजी लिंबॉ यांचा कार्यक्रम राष्ट्रीय पातळीवर सुरू झाला, हा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. स्टेशनबदल समजून घेण्यासाठी मात्र माझ्या मते १९९६ चा दूरसंचार कायदा अधिक महत्त्वाचा आहे. एका कंपनीने देशभरात किती रेडिओ स्टेशने बाळगावीत, यावरची मर्यादा या कायद्याने काढून टाकली आणि सर्वांत मोठ्या शहरांत एका मालकाला आठपर्यंत स्टेशने ठेवण्याची मुभा दिली. त्यानंतर स्टेशनांच्या साखळ्या उभ्या राहिल्या आणि त्याच साखळ्यांच्या हाती वितरण कंपन्याही आल्या. आयहार्टमीडियाकडे प्रीमियर आहे, क्युम्युलसकडे वेस्टवुड वन आहे आणि सेलम आपल्याच निवेदकांचे कार्यक्रम आपल्या स्टेशनांवरून चालवते. कार्यक्रम एका कंपनीचा आणि स्टेशन तिच्या प्रतिस्पर्ध्याचे असेल, तर ती जोडी फार काळ टिकेल असे धरू नये.

न्यूयॉर्कचे उदाहरण या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. लिंबॉ आणि शॉन हॅनिटी हे दोघेही तिथे वर्षानुवर्षे डब्ल्यूएबीसी या ७७० किलोहर्ट्झवरच्या स्टेशनवर ऐकू येत. हे स्टेशन २०११ मध्ये क्युम्युलसकडे आले. त्या काळी क्लिअर चॅनेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आयहार्टने २०१२ च्या अखेरीस शहरातले ७१० किलोहर्ट्झवरचे डब्ल्यूओआर विकत घेतले. या खरेदीनंतर प्रीमियरला आपल्या दोन सर्वांत मोठ्या निवेदकांसाठी प्रतिस्पर्ध्याच्या दारात उभे राहण्याची गरज उरली नाही. जानेवारी २०१४ मध्ये दोघेही डब्ल्यूओआरवर गेले आणि हॅनिटींच्या रिकाम्या वेळेवर क्युम्युलसने स्वतः वितरित करत असलेल्या मायकल सॅव्हेज यांना बसवले. कुणाचीही राजकीय मते बदलली नव्हती. बदलाची चाहूल ज्याला आधीच घ्यायची असेल, त्याने निवेदकाच्या बोलण्याइतकेच लक्ष शहरातल्या स्टेशनांच्या खरेदीविक्रीकडे द्यावे.

मालकी एकच असूनही बदल होतो, तेव्हा कारण वेगळे शोधावे लागते. त्याच जानेवारीत लॉस एंजेलिसमध्ये लिंबॉ हे ६४० किलोहर्ट्झवरच्या केएफआयवरून ११५० वर हलवले गेले. दोन्ही स्टेशने क्लिअर चॅनेलचीच होती. कंपनीला केएफआयवर स्थानिक निवेदकांना अधिक जागा द्यायची होती आणि वितरित कार्यक्रमांसाठी स्वतंत्र स्टेशन उभे करायचे होते. त्या स्टेशनला केईआयबी हे नाव मिळाले, ज्यातली शेवटची तीन अक्षरे लिंबॉ आपल्या प्रसारणजाळ्यासाठी वापरत असलेल्या नावाची आद्याक्षरे होती. बोस्टनमध्ये तर लिंबॉ २०१० मध्ये डब्ल्यूआरकेओ सोडून क्लिअर चॅनेलच्या १२०० किलोहर्ट्झवरच्या स्टेशनवर गेले आणि ते स्टेशन विनोदी कार्यक्रमांकडे वळल्यावर २०१२ मध्ये पुन्हा डब्ल्यूआरकेओवर आले. स्वतःच्या मालकीचे स्टेशनसुद्धा श्रोते जमले नाहीत तर कार्यक्रमाला सोडून देते, हे या प्रकरणातून दिसते.

श्रोत्यांचे आकडे पाहताना सावध राहावे. श्रोत्यांची मोजणी करणाऱ्या निल्सन ऑडिओचे जे आकडे सर्वांना पाहायला मिळतात, ते सहा वर्षांवरील सर्व श्रोत्यांचे आणि संपूर्ण स्टेशनचे असतात. एका कार्यक्रमाचे नसतात. जाहिरात विकणारी माणसे मात्र बहुधा २५ ते ५४ या वयोगटाकडे पाहतात, आणि टॉक रेडिओचा श्रोता त्यापेक्षा वयस्क असतो. त्यामुळे सार्वजनिक यादीत वर असलेले स्टेशनही पैशाच्या बाबतीत ओढगस्तीत असू शकते. शिवाय २०१२ मध्ये एका विधी विद्यार्थिनीबद्दलच्या लिंबॉ यांच्या शेरेबाजीनंतर अनेक जाहिरातदारांनी पाठ फिरवली होती. अशा वेळी श्रोते टिकूनही मिनिटे विकली जात नाहीत, हे लक्षात ठेवावे.

आता कागदपत्रांविषयी. कार्यक्रम बदलण्यासाठी स्टेशनला आयोगाची परवानगी लागत नाही. स्टेशनने कोणत्या प्रकारचे कार्यक्रम द्यावेत हे बाजारावर सोपवण्याचे आयोगाचे धोरण १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले. तेव्हा तशा अर्जाचा शोध घेण्यात वेळ घालवू नये. परवाना एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना मात्र आयोगाची संमती लागते आणि तो अर्ज कुणालाही पाहता येतो. प्रत्येक स्टेशनच्या सार्वजनिक नोंदींत मालकीची माहितीही असते.

कोणते स्टेशन ऐकतो आहोत याची खात्री नसेल, तर तास पूर्ण होण्याच्या दोन मिनिटे आधी रेडिओ लावून बसावे. निवेदकाचे बोलणे थांबते, स्थानिक जाहिरात वाजते आणि बातम्यांच्या आगेमागे एक घाईचा आवाज स्टेशनच्या नावाची तीन-चार अक्षरे आणि एका शहराचे नाव उच्चारतो. ही घोषणा कायद्याने बंधनकारक आहे. सहसा मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडची नावे डब्ल्यूने आणि पश्चिमेकडची केने सुरू होतात. शहराचे नाव नीट ऐकावे, कारण महानगराच्या नावाने जाहिरात करणाऱ्या स्टेशनचा परवाना पुष्कळदा शेजारच्या उपनगराचा असतो. निवेदकाच्या संकेतस्थळावरची स्टेशनांची यादी जुनी राहिलेली असू शकते. या घोषणेवर मात्र भरवसा ठेवता येतो.

स्टेशन सापडले की सूर्यास्तानंतर ते पुन्हा लावून पाहावे. एएम लहरी रात्री दूरवर जातात, म्हणून अनेक स्टेशनांना अंधार पडल्यावर शक्ती कमी करावी लागते किंवा प्रक्षेपण ठरावीक दिशेलाच वळवावे लागते. ५०,००० वॅट ही एएमची कमाल मर्यादा आहे, पण तेवढी शक्ती असलेल्या दोन स्टेशनांची पोहोचही सारखी नसते. केएफआय जिथे स्वच्छ ऐकू येई तिथे ११५० तसे येत नसे. स्टेशनबदलाच्या घोषणांमध्ये याचा उल्लेख क्वचितच असतो आणि शहरापासून दूर राहणारा श्रोता नेमका इथेच तुटतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. सोबत एफएमवरही ऐका असे सांगितले जात असेल, तर ते प्रक्षेपण बहुधा जास्तीत जास्त २५० वॅटच्या पूरक यंत्राचे असते, हेही तपासावे.

कधी स्टेशन तेच राहते आणि निवेदक बदलतो. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी लिंबॉ यांचे निधन झाल्यावर वेस्टवुड वनने २४ मेपासून डॅन बॉन्जिनो यांचा कार्यक्रम त्याच दुपारच्या वेळेसाठी पुढे केला, तर प्रीमियरने २१ जूनपासून क्ले ट्रॅव्हिस आणि बक सेक्स्टन यांना आणले. बॉन्जिनो २०२५ मध्ये एफबीआयचे उपसंचालक झाले, तेव्हा वेस्टवुड वनने ती वेळ व्हिन्स कॉग्लियानीज यांच्याकडे दिली. अशा प्रसंगी कार्यक्रम कुठे गेला असे न विचारता, ही वेळ कोणत्या कंपनीच्या ताब्यात आहे असे विचारावे.

बदलाची नोंद करताना कोण आले याच्याइतकेच कोण गेले हेही लिहून ठेवावे. लॉस एंजेलिसच्या ११५० वर जानेवारी २०१४ पूर्वी डाव्या विचारांचा टॉक रेडिओ चालत असे, आणि लिंबॉ तिथे आले तेव्हा त्या श्रोत्यांनाही आपली नेहमीची जागा सोडून दुसरे स्टेशन शोधावे लागले.