फंक्शन छापतंय, पण हाती काहीच देत नाही: पायथनमधल्या या चुका टाळा

पायथन शिकताना पहिल्याच दिवशी प्रिंट भेटतं आणि पुढे प्रत्येक फंक्शनच्या शेवटी ठाण मांडून बसतं. हजार रुपयांवर 18 टक्के जीएसटी लावणारं फंक्शन स्क्रीनवर 1180 दाखवतं, म्हणजे झालं काम! पण टेस्टमध्ये, म्हणजे कोड तपासणाऱ्या कोडमध्ये, तेच उत्तर 1180 शी ताडून पाहिलं की असर्ट (ही तपासणी करणारी ओळ) फेल. उत्तर हाती देण्याचं काम रिटर्न करतं. रिटर्न न लिहिलेलं फंक्शन नन (None, म्हणजे ‘काहीच नाही’) परत करतं, आणि टेस्टला स्क्रीनवरचं दिसत नाही. त्या ननमध्ये डिलिव्हरीचे पैसे मिळवायला गेलात तर थेट टाइपएरर, म्हणजे चुकीच्या प्रकारच्या किमतीची एरर.

ही चूक लपते ती इंटरॅक्टिव्ह शेलमुळे, म्हणजे एकेक ओळ लिहून लगेच चालवायच्या खिडकीमुळे. तिथे रिटर्न केलेली किंमतही आपोआप दिसते, त्यामुळे प्रिंट आणि रिटर्न दोन्ही सारखंच वाटतं. शंका आली तर उत्तर एखाद्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. तेवढ्यानेच स्क्रीनवर काही उमटलं, तर आत प्रिंट आहे. उत्तराखाली ‘नन’ अशी आगंतुक ओळ दिसत असेल, तर प्रिंट करणाऱ्या फंक्शनलाच तुम्ही पुन्हा प्रिंटमध्ये गुंडाळलंय.

मग लोक फाइंड-रिप्लेस करून सगळीकडे प्रिंटच्या जागी रिटर्न टाकतात. इथे खरी गंमत होते. लूपच्या आतलं प्रिंट दहा वेळा चालतं. रिटर्न मात्र पहिल्याच फेरीत फंक्शनमधून बाहेर पडतं. दहा वस्तूंच्या बिलात एकच वस्तू! लूपआधी रिकामी लिस्ट घ्या, आत प्रत्येक उत्तर तिला अपेंड करा (जोडा), आणि रिटर्न लूपच्या बाहेर, फॉरच्या रेषेत आणा. इफमध्ये रिटर्न आहे आणि एल्समध्ये विसरलंय, हाही त्यातलाच प्रकार. तो जास्त त्रासदायक, कारण कधीतरीच नन येतो.

‘एकूण: ₹1,180.00’ अशी सजवलेली स्ट्रिंग रिटर्न करू नका. उद्या स्वल्पविराम हलला तरी टेस्ट मोडेल. आकडा द्या, सजावट दुसऱ्या फंक्शनला करू द्या. पैशांसाठी डेसिमल हा अचूक दशांश प्रकार वापरा, फ्लोट या नेहमीच्या दशांश प्रकारात 0.1 आणि 0.2 ची बेरीज 0.3 च्या बरोबर ठरत नाही.

वापरणाऱ्याला विचारणारं इनपुटही हिशेबाच्या फंक्शनमध्ये नको. पायटेस्ट हे टेस्ट चालवणारं टूल वापरताना ते ओएसएरर ही एरर देतं. रक्कम आणि दर पॅरामीटर म्हणून घ्या. विचारणं आणि छापणं मेनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या मुख्य फंक्शनमध्ये ठेवा. पायटेस्टच्या कॅपसिस (capsys) या सोयीने छापलेला मजकूर तपासता येतो, हे खरं. पण पावती छापणं हेच ज्या फंक्शनचं काम आहे, त्याच्यापुरतंच ते वापरा.