एक चुलीवर, एक भिजत, एक मुरत: घरच्या स्टुडिओत अनेक गाणी आणि फिल्म एकाच वेळी कशा सांभाळाव्यात

जुलैत सांगलीतल्या आमच्या विश्रामबागच्या घराच्या मागच्या खोलीत हमखास चार कामं एकदम असतात. गणपतीचं एक गाणं, जे श्रावण संपायच्या आत बाहेर पडलं नाही तर थेट पुढच्या वर्षी. एका भजनी मंडळाचे सहा अभंग. मिरजेच्या कॉलेजातल्या पोरांची बावीस मिनिटांची शॉर्टफिल्म. आणि तासगावच्या बेदाण्यावरचा माहितीपट. त्याचं शूटिंग फेब्रुवारी-मार्चमध्ये शेडवर उरकलं, एडिटिंग मात्र दिग्दर्शकाला नोकरीतून सुटी मिळेल तसं चाललंय. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत असतो आणि फोनवर कुणीतरी विचारत असतं, "भावा, आपलं कुठवर आलंय?"

या प्रश्नाला जागच्या जागी खरं उत्तर देता आलं, तर चार कामं झेपतात. अडखळलात तर दोनही जड जातील. वेळ पुरत नाही अशी सगळ्यांची तक्रार असते. माझा वेळ खरा कुठे जातो हे मी एकदा वहीत लिहून पाहिलं: बारा दिवसांनी एखादं काम उघडायचं आणि आपण कुठे थांबलो होतो ते शोधत बसायचं, यात अर्धी संध्याकाळ जात होती. काम करायला सगळेच शिकवतात. काम नीट खाली ठेवायला कुणी शिकवत नाही, म्हणून हा लेख बराचसा त्याबद्दल आहे.

चुलीवर एकच

भिंतीवर एक पांढरा कागद लावा आणि हातातलं प्रत्येक काम एकेका चिठ्ठीवर लिहून तीनपैकी एका रकान्यात लावा: भिजत, चुलीवर, मुरत. भिजत म्हणजे सुरू व्हायचंय, पण काहीतरी यायचंय: शब्द, पिक्चर लॉक (फिल्मचं पक्कं झालेलं एडिटिंग), गायिकेची तारीख. मुरत म्हणजे मिक्स झालंय (सगळे आवाज एकत्र जुळवून झालेत), आता चार-पाच दिवस कानाआड ठेवायचंय. चुलीवर म्हणजे आज हात लावलेलं काम. तिथे एकच चिठ्ठी राहील याबद्दल हट्टी राहा. फार तर सकाळी एक आणि संध्याकाळी एक, आणि तेही वेगळ्या जातीचं. चाल बांधायचं डोकं आणि संवाद साफ करायचं डोकं वेगळं असतं. दोन गाण्यांच्या चाली एकाच दिवशी केल्या तर एकीची मींड दुसरीत शिरते. माझ्या एका गणपतीच्या गाण्यात अभंग शिरलाय, तो अजून ऐकू येतो.

'भिजत' रकान्यात कामाच्या नावापुढे आपण कुणाची वाट बघतोय ते नाव लिहायचं. आठवड्यातून एकदा, मी सोमवारी सकाळी, त्या नावांना एकेक फोन. बाकी दिवस त्यांची आठवणही काढायची नाही.

वर्षाचं गणितही इथेच मांडून घ्या. आपल्याकडे ऋतूच तारखा ठरवतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर रात्रभर स्पीकर लावून जातात, आणि आमच्या खोलीत मार्चपर्यंत रात्री गाणं रेकॉर्ड होत नाही. त्या महिन्यांत मी रात्री फक्त एडिटिंग करतो. एप्रिल-मे महिन्यांत पंखा बंद करून कुणाला दुपारी गायला लावणं म्हणजे पाप आहे. पहाटे साडेपाचला बोलवा. कुकरच्या शिट्ट्याही तेव्हा नसतात.

खोली एकदाच लावा, पुन्हा हलवू नका

यावर फार लिहीत नाही. भिंतींना दुहेरी गोधड्या, खिडकीला जाड पडदा, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट मायक्रोफोनच्या समोर, म्हणजे गाणाऱ्याच्या पाठीशी. एवढ्यावर माझी पहिली तीन वर्षं गेली. गुणगुण ऐकू येत असेल तर आधी अर्थिंग तपासून घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती गुणगुण ५० आणि तिच्या पटींत, १००, १५० अशी बसते. सॉफ्टवेअरने ती काढण्यापेक्षा इलेक्ट्रिशियन स्वस्त पडतो.

महत्त्वाचं ते पुढे. मायक्रोफोन स्टँडचे पाय जिथे टेकतात तिथे जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करा. गाणाऱ्याच्या पावलांच्याही. एका अंतऱ्याचं रेकॉर्डिंग आषाढात झालं आणि दुसऱ्याचं भाद्रपदात, तरी आवाज एकाच दिवसाचा वाटला पाहिजे. आणि मॉनिटरच्या, म्हणजे ज्या स्पीकरवर काम ऐकतो त्याच्या, नॉबवर एक टिकली लावा. खरंच टिकली, मी बायकोच्या पाकिटातली घेतली. फिल्मचे संवाद त्याच खुणेवर ऐकायचे, दर वेळी. गाण्यावर तीन तास बसलं की कान मोठ्या आवाजाला सरावतात, आणि मग फिल्म उघडली की संवाद बारीक वाटून आपण ते वर ढकलतो. टिकली ढकलू देत नाही.

सगळ्या कामांना एकच साचा

गाणं असो की फिल्म, माझ्याकडे सगळं रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ (आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने), २४ बिटवर (नमुन्याची बारकाई) चालतं. व्हिडिओची दुनिया ४८ वरच चालते, आणि गाण्याला ४४.१ हवं असेल तर शेवटी एकदाच बदलता येतं. एका मोनो ट्रॅकचे मिनिटाला साधारण ८.६ एमबी होतात. पाच मिनिटांच्या अभंगाचे बारा ट्रॅक म्हणजे एका टेकला, म्हणजे एकदा सलग गाऊन-वाजवून झालं की, पाचशे एमबीच्या वर. पाच टेक, सहा अभंग, असा गुणाकार करून डिस्क आधी घ्या. ऐन रेकॉर्डिंगमध्ये जागा संपली की मंडळाचे बुवा तुमच्याकडे कसे बघतात, ते अनुभवू नका.

ट्रॅकचा क्रम आणि रंग प्रत्येक कामात सारखे ठेवा. तालवाद्यं वर, मग पेटी-तंतुवाद्यं, मग आवाज. संवाद कायम पिवळे. फाइलच्या नावात तारीख आधी, मग कामाचं छोटं नाव, मग आकडा: २०२५०७१४_अभंग३_मिक्स_०४. 'फायनल' या शब्दाला फाइलच्या नावात बंदी घालून टाका. ज्याच्याकडे 'फायनल_खरंच_फायनल' आहे त्याला कुठली पाठवली ते कधीच सांगता येत नाही.

या साच्यात आमच्या भागाचा एक फायदा करून घ्या. मिरज इथून दहा-बारा किलोमीटरवर. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आम्ही त्याआधीपासून तिथे जवारी (घोडीवर तार टेकायची ती ठेवण, जिच्यामुळे सूर झणझणतो) लावून घ्यायला जातो. मी दोन दिवस एक मर्दाना (पुरुषी आवाजाचा) आणि एक जनाना (बायकी आवाजाचा) तानपुरा घरी आणला आणि काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, काळी चार, काळी पाच अशा पट्ट्यांत प्रत्येकी पाच-पाच मिनिटं रेकॉर्ड करून ठेवली. पंचम आणि मध्यम, दोन्ही लावून. मायक्रोफोन तबलीपासून, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळीपासून, फूटभर लांब. ते दोन दिवस आता दर कामात परत मिळतात. तानपुऱ्याच्या आयत्या सॉफ्टवेअरपेक्षा हा सूर कितीतरी जिवंत आहे, कारण तारेखालच्या दोऱ्याने लावलेली जवारी हळूहळू सरकते आणि तेही त्यात आलंय.

भजनी मंडळ येणार असेल तर पहिली पाच मिनिटं पेटीची. जुन्या पेट्या क्वचितच ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर बरोबर बसतात. पेटीचा एक सूर दाबून धरायचा, ट्यूनरवर फरक बघायचा (तो सेंटमध्ये येतो, दोन शेजारच्या सुरांत शंभर सेंट), वहीत लिहायचा आणि कीबोर्ड तेवढा वर-खाली करायचा. पेटीला बदलायला लावू नका, बुवा उठून जातील.

फिल्म आली की आधी दोन प्रश्न

पहिला: पिक्चर लॉक झालंय का? म्हणजे यापुढे एकही फ्रेम कापायची नाही, हे दिग्दर्शकाने लेखी सांगितलंय का? नसेल तर चिठ्ठी 'भिजत'मध्येच राहील. गप्पा मारा, संगीताच्या कल्पना गुणगुणून रेकॉर्ड करा, पण सेकंदाला सेकंद जुळवत बसू नका.

दुसरा: फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला चित्रं, किती? हा मी एकदा विचारला नाही. पोरांची मूळ टाइमलाइन २३.९७६ ची होती आणि मला आलेली फाइल २४ वर चालणारी. फरक हजारात एकाचा. पहिल्या पाच मिनिटांत काही कळलं नाही. बाविसाव्या मिनिटाला माझं संगीत सव्वा सेकंद आधीच संपलं आणि शेवटच्या दृश्यात आई दार लावते त्या आवाजाच्या आधी शांतता झाली. पोरांना वाटलं, मी मुद्दाम केलंय. "सर, लै भारी." मी दोन दिवस खरं सांगितलं नाही.

तेव्हापासून मी फाइल मागताना तीन गोष्टी मागतो. चित्रावर कोपऱ्यात छापलेला टाइमकोड (तास-मिनिट-सेकंद-फ्रेमचा चालता आकडा). पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी एक फ्रेमभर बीप. आणि शेवटच्या फ्रेमनंतर दोन सेकंदांनी तसाच दुसरा बीप. पहिला बीप जुळला आणि शेवटचा सरकला, तर फ्रेम रेटमध्ये गडबड आहे, हे काम सुरू करायच्या आधी कळतं.

डबिंगसाठी आवाज शोधायला पुण्याला जाऊ नका. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या नाटकाचा अभिमान आम्ही सांगलीकर अजून मिरवतो. मला त्याचा प्रत्यक्ष उपयोग एवढाच, की दर दुसऱ्या गल्लीत हौशी नाटकात काम केलेले कुणी काका-काकू सापडतात आणि त्यांचे उच्चार स्वच्छ असतात. फक्त त्यांना सांगावं लागतं की शेवटच्या रांगेला ऐकू जायचं नाहीये, मायक्रोफोन वीतभर लांब आहे.

उठण्याआधीची दहा मिनिटं

हा लेखातला माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा भाग. दोन तास बसायचं असेल तर काम एक तास पन्नास मिनिटं करा. उरलेल्या दहा मिनिटांत चार गोष्टी.

जिथवर आलंय तिथवरचा कच्चा मिक्स काढून फोनवर टाका. पुढच्या वेळी कॉम्प्युटर लावायच्या आधी, बाजारात जाताना तो ऐकता येतो. सॉफ्टवेअरमधली वाद्यं वापरली असतील तर ती ऑडिओ करून ठेवा. दोन महिन्यांनी एखादं प्लगइन बदललेलं असतं आणि तुमची बासरी शिट्टीसारखी वाजते. मायक्रोफोनचा गेन (आवाज किती वाढवून घेतलाय तो आकडा) आणि अंतर दाखवणारा एक फोटो घ्या. आणि चिठ्ठी लिहा. माझ्या वहीतली एक जशीच्या तशी:

"अभंग ३. पेटी १२ सेंट चढी, कीबोर्ड तसा केलाय. तबला टेक ४ घेणे, टेक २ मध्ये समेवर घाई. कोरस बाकी, रविवारी चौघी येणार. शंका: दुसऱ्या कडव्याआधीची थांबण लांब वाटते, की मीच दमलोय? उद्या सुरुवात: टेक ४ कापणे."

यात शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आणि ते अगदी बारीक हवं. 'मिक्स पूर्ण करणे' असं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी आपण चहा करायला उठतो. 'टेक ४ कापणे' म्हटलं की हात आपोआप माउसवर जातो. शंकाही लिहा, पण सोडवू नका. दमलेल्या कानाने सोडवलेली शंका सकाळी पुन्हा सोडवावी लागते.

पैसे, फेऱ्या आणि कागद

अर्धे पैसे आधी. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, तिसरीचे वेगळे. ओळखीत हे बोलायला जड जातं, म्हणून मी बोलतच नाही. पहिल्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर चार ओळी पाठवतो आणि "ठीक आहे" असं उत्तर आल्याशिवाय चिठ्ठी भिंतीवर लावत नाही. दुरुस्त्या एकाच माणसाकडून, एकाच निरोपात, मिनिट-सेकंद लिहून. मंडळाच्या अकरा सदस्यांचे अकरा व्हॉइस मेसेज आले तर सगळे अध्यक्षांकडे परत धाडायचे.

हक्कांबद्दल निदान एवढं ठाऊक असू द्या. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फिल्ममधल्या गाण्याच्या गीतकार आणि संगीतकाराला सिनेमागृहापलीकडच्या वापरातला रॉयल्टीचा समान वाटा करारात सोडून देता येत नाही. "सगळे हक्क कायमचे दिले" असा कागद समोर आला तर सही करायच्या आधी वकिलाला दाखवा, मग दिग्दर्शक कितीही जवळचा मित्र असो.

संपलेलं काम कुठे ठेवायचं

काम पोचवल्यावर आठ दिवसांत ते बंद करा. मूळ रेकॉर्डिंग, अंतिम मिक्स, गाणाऱ्यांच्या आवाजाशिवायचा मिक्स, वाद्यगटांचे वेगवेगळे ट्रॅक, करार आणि वहीतल्या चिठ्ठ्यांचे फोटो एका फोल्डरमध्ये. आवाजाशिवायचा मिक्स आत्ताच काढून ठेवा. मंडळाला तो पुढच्या वर्षी स्टेजवर लागतोच.

प्रती तीन: एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक गावाबाहेर. इथे तिसरी प्रत चैन नव्हे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा नदी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका, आणि २००५, २०१९, २०२१ या तिन्ही वर्षी तिने तेही मागे टाकलं. २०१९ ला गावभागातल्या, म्हणजे नदीकाठच्या जुन्या वस्तीतल्या, एका मित्राच्या दोन्ही डिस्क एकाच कपाटात, तळमजल्यावर होत्या. त्यानंतर माझी तिसरी डिस्क विट्याला मामाकडे असते, जिथे पाण्याचीच बोंब आहे. दर तीन महिन्यांनी मी एक घेऊन जातो आणि दुसरी परत आणतो. मामी ती प्लास्टिकच्या डब्यात घालून धान्याच्या कोठीवर ठेवते आणि प्रत्येक वेळी विचारते, एवढ्याशा डबीत गाणी मावतात तर तुझ्या खोलीत एवढा पसारा कशाला.