होली लँडला जायचंय? आधी तेरला एक चक्कर मारा

आपल्या जालना-संभाजीनगरकडच्या चर्चच्या मंडळ्यांमध्ये होली लँड टूरचं, म्हणजे बायबलमधल्या जागा बघायच्या सहलीचं नाव निघालं की पहिला प्रश्न खर्च किती, दुसरा जेवण कसं, आणि बघायचं काय हे मात्र सगळं टूरवाल्यावर सोडलेलं. मग होतं काय, इजिप्त, इस्राएल, जॉर्डन तिन्ही एका दमात, बसमधून उतरा, फोटो काढा, प्रार्थना करा, परत बसमध्ये, अन् घरी आल्यावर कोणता दगड कफर्णहूमचा आणि कोणता मग्दालाचा हेच कळंना. म्हणून जे निघायलेत किंवा पैसे जमवायलेत त्यांच्यासाठी लिहितोय. बाकी तिकडची परिस्थिती कधी काय होईल नेम नाही, त्यामुळं पैसे भरायच्या आधी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना बघाच, टूरवाला काय म्हणतो ते नंतर.

आता तेरचं. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. प्रभू येशू आणि प्रेषित पौलाच्या शतकातच तगर आणि पैठणचा माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जायचा असं त्या काळच्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय, म्हणजे रोमन जगाशी आपला संबंध तेव्हाचाच. तिथं म्युझियम बघा आणि गावाभोवतीची पांढरीची टेकाडं बघा. घर पडलं त्यावर घर, गाव बसलं त्यावर गाव, असं शेकडो वर्षं चालून टेकाड तयार होतं. इस्राएलमध्ये मगिद्दो, हासोर, लाखीश, दान ही सगळी अशीच पांढरीची टेकाडं आहेत, फक्त खूप मोठी, तिथं त्याला 'तेल' म्हणतात. खालचा थर जुना, वरचा नवा एवढं एकदा तेरला डोक्यात बसलं की तिकडं गाईड काय सांगतोय ते अर्धं आपोआप कळतं.

दुसरी तयारी वहीची. प्रत्येक जागेला एक पान, पानावर तीन रकाने: शास्त्रात, म्हणजे बायबलात काय लिहिलंय, जमिनीतून काय निघालं, आणि परंपरेनं काय मानतात. गाईड हे तिन्ही एका वाक्यात मिसळून सांगतो आणि सगळा घोळ तिथंच होतो. अध्याय मात्र घरीच वाचून जा, तिथं उन्हात उभं राहून पाळकसाहेब वाचायला लागले की निम्मी माणसं सावली शोधत असतात.

एक जागा नीट सांगतो म्हणजे पद्धत कळंल. यरुशलेममध्ये हिज्कीयाचा बोगदा आहे. आधी २ राजे १८ ते २० आणि २ इतिहास ३२ वाचा. अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून आला, यहूदाचा राजा हिज्कीयानं गीहोन झऱ्याचं पाणी शहरात वळवलं असं तिथं लिहिलंय. आता जमिनीतून काय निघालं बघा. खडकात खोदलेला साधारण ५३३ मीटरचा वाकडातिकडा बोगदा, आजही त्यातून पाणी वाहतं आणि तुम्ही त्यातून चालत जाऊ शकता. १८८० मध्ये आत भिंतीवर कोरलेला जुना हिब्रू लेख सापडला, दोन टोकांकडून खोदत आलेल्या कामगारांना एकमेकांचे आवाज ऐकू आले आणि शेवटी टिकावाला टिकाव भिडला असं त्यात लिहिलंय. राजाचं नाव त्यात नाही, बरं का. अस्सल लेख आता इस्तंबूलच्या म्युझियममध्ये आहे. आणि सन्हेरीबानंही आपली बाजू मातीच्या अनेक बाजूंच्या ठोकळ्यावर, म्हणजे प्रिझमवर लिहून ठेवली, की हिज्कीयाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलं. शहर घेतलं असं तो कुठंच म्हणत नाही. लाखीश मात्र त्यानं घेतलं, इ.स.पू. ७०१ मध्ये, त्याची कोरीव चित्रं अश्शूरच्या राजधानीत, निनवेच्या राजवाड्यात होती, आता लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि चढाईसाठी त्यानं रचलेला दगडांचा उतार लाखीशला अजून दिसतो. एका प्रसंगाबद्दल दोन्ही बाजूंचे कागद मिळणं फार क्वचित होतं, मला विचाराल तर अख्ख्या टूरमध्ये यावर एक दिवस गेला तरी चालंल.

बोगद्यात जायचं तर टॉर्च, पाण्यात चालतील असे सँडल आणि गुडघ्याच्या वर घेता येतील असे कपडे पाहिजेत, सुरुवातीला पाणी मांडीपर्यंत येतं आणि काही ठिकाणी वाकून चालावं लागतं. ज्यांना गुडघ्याचा किंवा बंद जागेचा त्रास आहे त्यांनी बाजूचा कोरडा बोगदा घ्यावा. ही जागा पूर्व यरुशलेमच्या सिल्वान वस्तीत येते, तिथल्या घर-जमिनींवरून मोठा वाद आहे, तेही डोक्यात असू द्या. बोगदा संपतो तिकडं शिलोहाचं तळं, योहान ९ मध्ये येशूनं दृष्टी दिली त्या आंधळ्याचं. येशूच्या काळातल्या तळ्याच्या पायऱ्या २००४ मध्ये सांडपाण्याच्या पाइपचं काम चालू असताना निघाल्या, त्याआधी लोक शेजारचं नंतरच्या काळातलं तळंच खरं समजायचे.

आता जिथं माती आणि शास्त्र जुळत नाही तिथलं. यरीहो. यहोशवा ६, म्हणजे यरीहोच्या भिंती पडल्याची गोष्ट, आपण संडे स्कूलपासून ऐकतो. १९३० च्या दशकात तिथं खोदणारे पुरातत्त्वज्ञ गार्स्टँग म्हणाले ह्याच त्या पडलेल्या भिंती, मग १९५० च्या दशकात कॅथलीन केनियन यांनी परत खोदलं आणि त्या भिंती जवळपास हजार वर्षं आधीच्या निघाल्या. काही अभ्यासक अजूनही वाद घालतात, पण बहुतेकजण केनियनच्या बाजूनं आहेत. हे ऐकून काहीजण गाईडवर चिडतात, काऊन चिडायचं? वहीत दोन्ही रकान्यात जे आहे ते लिहा आणि तिथला दगडी बुरूज बघा, सुमारे १० हजार वर्षांपूर्वीचा आहे, अब्राहामाच्याही कितीतरी आधीचा. यरीहो आणि बेथलेहेम पॅलेस्टिनी भागात येतात, पासपोर्ट हॉटेलवर ठेवून जाऊ नका.

कफर्णहूमला उलट प्रकार. पांढऱ्या दगडाचं सुंदर सभास्थान दिसतं आणि सगळे म्हणतात येशूनं इथंच शिकवलं, पण ते चौथ्या-पाचव्या शतकातलं आहे. खाली बघा, काळ्या बेसाल्टचा पाया दिसंल, आपल्या वेरूळच्या डोंगरासारखाच काळा, तो जुन्या सभास्थानाचा असावा असं मानतात, मार्क १ तिथं वाचा. येशूचा शिष्य पेत्र याच्या घराबद्दलही तसंच. पहिल्या शतकातलं साधं घर, पुढं त्यातल्या एका खोलीला गिलावा करून लोक तिथं जमायला लागले, पाचव्या शतकात वर अष्टकोनी चर्च झालं. पाटी लावलेली नाही, पण परंपरा बरीच जुनी दिसते.

येशूच्या कबरेच्या दोन जागा दाखवतात. पवित्र कबरेचं चर्च चौथ्या शतकापासून त्याच जागी आहे, गर्दी, धूप, मेणबत्त्या, आपल्या प्रोटेस्टंट मंडळींना तिथं करमत नाही. गार्डन टूम शांत आहे, बाग छान आहे, पण ती कबर येशूच्या कितीतरी शतकं आधी खोदलेली आहे, म्हणजे शास्त्रातली 'नवी कबर' ती नव्हे. प्रार्थना बागेत करा, पण अभ्यासासाठी चर्चलाच जा.

जालन्याजवळचं, नारायण शेषाद्रींनी वसवलेलं ख्रिस्ती गाव बेथेल आपल्या सगळ्यांना ठाऊक. बायबलातलं, याकोबाचं मूळ बेथेल म्हणजे रामल्लाजवळचं बैतीन असं बहुतेक मानतात, टूरच्या बस तिकडं जात नाहीत, हट्टही धरू नका.

शुक्रवारी दुपारपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत शब्बाथ, ज्यू भागात बरंच बंद असतं, सरकारी बसही नसतात, म्हणून तेव्हाचा प्लॅन आधीच विचारा.

आणि इस्राएल म्युझियम शेवटच्या दोन दिवसांत ठेवा, पहिल्या दिवशी नको, कारण जागा बघितल्याशिवाय काचेतल्या दगडांशी ओळख होत नाही. 'दावीदाचं घराणं' लिहिलेला तेल दानचा दगड (१९९३ मध्ये निघालेला), कैसरियात १९६१ मध्ये सापडलेला येशूला शिक्षा देणारा रोमन सुभेदार पिलात याच्या नावाचा दगड, आणि सन्हेरीबाच्या प्रिझमची एक प्रत, एवढं तरी बघाच. मृत समुद्राच्या गुंडाळ्यांच्या, म्हणजे बायबलच्या जुन्या हस्तलिखितांच्या दालनात मधोमध मांडलेली यशयाच्या पुस्तकाची गुंडाळी नक्कल आहे, फोटो टाकताना तसं लिहा. बऱ्याच पॅकेजमध्ये हे म्युझियम नसतंच, त्याऐवजी दागिन्यांच्या शोरूमला तासभर थांबवतात. बुकिंग करतानाच सांगा, शोरूम काढा, म्युझियमला अर्धा दिवस द्या, आणि ते कागदावर लिहून घ्या.