डग्गा कुठे हरवतो: चांगल्या हेडफोनवरून आणखी चांगल्याकडे जाताना

वेंगुर्ल्यात आमच्या घराच्या मागच्या पडवीवर पत्रा आहे, आणि माझी ऐकण्याची जागा त्याच पडवीत. मी गाणं शिकवते. संध्याकाळच्या मुली घरी गेल्या की जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणं लावून बसते. २०१४ साली सेनहायझरचे एचडी ६५० हेडफोन घेतले आणि पुढची दहा वर्षं त्यांच्यावरच ऐकलं. मग मन त्याच कंपनीच्या एचडी ८०० एसकडे धावायला लागलं. त्या वेळी मी जे केलं आणि जे करायला उशीर केला, ते इथे लिहिते. अशाच उंबरठ्यावर असलेल्या कुणाला तरी उपयोग होईल.

सगळ्यात आधी कागद घ्या आणि आत्ताच्या हेडफोनमध्ये नेमकं काय कमी पडतं ते लिहा. ‘आणखी स्पष्ट हवं’ असं लिहून भागत नाही. कुठलं ध्वनिमुद्रण, कितव्या मिनिटाला, काय ऐकू येत नाही, असं लिहायचं. माझ्या कागदावर तीनच गोष्टी आल्या. विलंबित एकतालात डग्ग्यावर तळवा दाबत काढलेली मींड (सलग घसरत जाणारा सूर) खाली उतरता उतरता नाहीशी होते. तानपुऱ्याची जवारी (तारांची झणझणीत गुंज) पूर्वीसारखी उघडी वाटत नाही. आणि जून ते सप्टेंबर पत्र्यावर पाऊस पडत असताना मंद्रसप्तकातलं काहीच हाती लागत नाही. तिन्ही दुखणी वेगळी, आणि तिन्हींचं औषधही वेगळं निघालं.

जवारीचं उत्तर भाच्याने दिलं. हेडफोन हातात घेऊन त्याने कानाच्या गाद्या अंगठ्याने दाबल्या आणि म्हणाला, “मावशी, आधी ह्यां बदलून बघ गे, मगे काय तां ठरव.” गाद्या चपट्या झाल्या होत्या. गादी बसली की हेडफोनमधला आवाज काढणारा पडदा कानाच्या जवळ येतो आणि आवाजाचा तोल बदलतो. हा बदल इतका सावकाश होतो की रोज ऐकणाऱ्याला कळतच नाही. नव्या गाद्या त्याच मॉडेलच्या घ्या. मखमली गाद्यांच्या जागी रेक्झिनच्या घातल्या तर तो वेगळाच हेडफोन होतो. शिवाय आपल्या हवेत रेक्झिनचे पोपडे लवकर निघतात. केबलच्या पिनाही काढून बघा. माझ्या डाव्या पिनेवर हिरवट थर बसला होता. खाऱ्या वाऱ्याचं हे नेहमीचं काम. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर डावीकडची अधूनमधूनची खरखर गेली, आणि नव्या गाद्यांनी जवारी परत आली. सहा आकडी खर्चाच्या गोष्टी करत होते, आणि एक दुखणं त्याच्या अगदी लहानशा हिश्श्यात बरं झालं.

आता अॅम्प, म्हणजे हेडफोनला ताकद पुरवणारं यंत्र. इथे फार गोंधळ असतो, म्हणून आकडेच मांडते. एचडी ६५० हे ३०० ओमचे (ओम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप), १ व्होल्टला १०३ डेसिबल आवाज देतात. मैफलीतला सर्वात मोठा ठोका ११० डेसिबलपर्यंत जावा असं धरलं तर सव्वादोन व्होल्ट लागतात, म्हणजे फक्त १७ मिलीवॅटच्या आसपास. फोनला लावायचे साधे, छोटे डॅक (डिजिटल फाइलपासून आवाजाचा विजेचा संकेत करणारी यंत्रं) बरेचदा १ व्होल्टच्या घरात असतात, त्यामुळे हळू आवाजात मुद्रित केलेल्या जुन्या टेपा त्यांवर अपुऱ्या वाटतात. दुसरीकडे ३७ ओमचा, मिलीवॅटला ९४ डेसिबल देणारा प्लेनर (सपाट पडद्याचा हेडफोन) घेतला तर त्याच ठोक्याला ४० मिलीवॅट लागतात, व्होल्ट मात्र सव्वाच. हायफायमॅन कंपनीच्या जुन्या एचई-६ या प्लेनरची गोष्ट निराळी. तो मिलीवॅटला ८३.५ डेसिबल देतो, म्हणून त्याला साडेचारशे मिलीवॅटच्या आसपास हवेत. दर १० डेसिबलला दहापट शक्ती, एवढा एकच नियम पाठ ठेवा. तुमचा अॅम्प एवढं सहज देत असेल तर त्याहून मोठ्या अॅम्पवर पैसे घालू नका, ते हेडफोनवर घाला.

अॅम्पबद्दल कोकणातली एक गोष्ट मात्र बघाच. पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की घर इन्व्हर्टरवर जातं. स्वस्त इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहरीची वीज) देतात, आणि त्यावर माझा अॅम्प गुणगुणायला लागायचा. तानपुऱ्यामागे ती गुणगुण सहन होत नाही. प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या, नाहीतर बॅटरीवर चालणारा डॅक-अॅम्प जवळ ठेवा.

डग्ग्याला मी सर्वाधिक वेळ दिला. एचडी ६५० चा खर्ज साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली उतरत जातो, हा त्याच्या बांधणीचाच भाग आहे. आधी फुकटचा उपाय करून बघा. विंडोज संगणकावर इक्वलायझर एपीओ (आवाजाचा तोल बदलणारं सॉफ्टवेअर) बसवा, १०५ हर्ट्झच्या खाली ४-५ डेसिबलची लो शेल्फ लावा, म्हणजे तेवढा खर्ज वाढवा, आणि त्यातला प्रीअॅम्प (एकूण आवाजाची पातळी) तेवढाच खाली आणा, नाहीतर ठोका फाटतो. महिनाभर असंच ऐका. मला डग्गा बराच परत मिळाला, पण मोठ्या आवाजात तो जरा जाड आणि सैल वाटायचा. तेव्हा कुठे खात्री पटली की इथे खरंच दुसरा हेडफोन हवा. प्लेनरचा पातळ, सपाट पडदा सगळीकडून एकसारखा ओढला जातो. गादी गालाला नीट चिकटून बसली तर त्याचा खर्ज खूप खालपर्यंत न ढळता जातो. चष्म्याच्या काडीने फट राहिली तर मात्र हाच गुण सर्वात आधी जातो. चष्मेवाल्यांनी चष्मा घालूनच ऐकून बघावं.

मग मांडवी एक्सप्रेसने मुंबई गाठली. ऐकल्याशिवाय या किमतीची वस्तू घेऊ नका, भाडं वसूल होतं. सोबत स्वतःची तीन ध्वनिमुद्रणं, स्वतःचा अॅम्प आणि एक पुठ्ठ्याची चकती न्या. चकतीला मधोमध भोक पाडून त्यात फोनचा माइक बसवायचा, चकती गादीवर धरायची, पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा खळखळाट) वाजवायचा आणि ध्वनिमापक अॅपवर दोन्ही हेडफोनचा आकडा जुळवायचा. शास्त्रशुद्ध मोजमाप हे नव्हे, पण यावाचून तुलना करण्यात अर्थ नाही. एक हेडफोन डेसिबलभर जरी मोठा असला तरी कान त्यालाच चांगला म्हणतो. माझीही पहिल्या अर्ध्या तासात तशीच फसगत झाली होती.

एचडी ८०० एस मी तासभर ऐकले. गायक, तबलजी, पेटीवाले आपापल्या जागी बसलेले दिसतात म्हणावं इतका ऐसपैस आवाज. २००९ चा मूळ एचडी ८०० सहा किलोहर्ट्झच्या आसपास टोचायचा. २०१६ च्या एसमध्ये ते बरंचसं आटोक्यात आणलं आहे. तरीही माझ्या जुन्या टेपांची खरखर त्यावर पुढे आली आणि श्रोत्यांतला खोकला गाण्याआधी ऐकू यायला लागला. नवी, स्वच्छ ध्वनिमुद्रणं ऐकणाऱ्याने तो जरूर घ्यावा. माझ्या कागदावरची तक्रार डग्ग्याची होती, आणि डग्गा तिथल्याच एका प्लेनरवर सापडला. मींड शेवटपर्यंत उतरली, मग समेवर थाप आली. तिथेच ठरलं.

वजन विसरू नका. एचडी ६५० केबल वगळून २६० ग्रॅमचे, बरेच प्लेनर ३७० ते ६०० ग्रॅमच्या दरम्यान. दुकानात दहा मिनिटांत मान बोलत नाही, तासाभराच्या ख्यालात बोलते.

पाऊस उरला. एचडी ६५०, ८०० एस आणि बहुतेक नावाजलेले प्लेनर मागून उघडे असतात. पत्र्यावरचा पाऊस त्यांतून थेट आत येतो, मग किंमत कितीही असो. यावर आवाज वाढवणं हा कानांचा घात आहे, तो करू नका. मी पावसाळ्यासाठी कानात खोल बसणारे इयरफोन घेतले. एटिमोटिक कंपनीचे असे इयरफोन बाहेरचा आवाज ३५ डेसिबलपर्यंत अडवतात असं कंपनी सांगते. ते बसवायची सवय व्हायला आठवडा लागला, पण जुलैतला मंद्र षड्ज पहिल्यांदाच पडवीत बसून ऐकला. तुमच्याकडे कौलारू, शांत खोली असेल तर हा खर्च वाचेल.

स्टॅक्स कंपनीचे इलेक्ट्रोस्टॅटिक (स्थिर विजेवर चालणारे) हेडफोन मला फार आवडले, पण घेतले नाहीत. त्यांच्या पडद्यावर ५८० व्होल्टचा दाब असतो. पावसाळ्यात आमच्या पडवीतला दमटपणा मोजणारा हायग्रोमीटर नव्वद टक्क्यांना टेकतो. दमट, खारट हवेत ती वस्तू ठेवायची तर वातानुकूलित खोली हवी, आणि ती माझ्याकडे नाही.

बाकीच्या हेडफोनसाठी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरतं. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की बदला. ऐकून झाल्यावर गाद्या आधी पंख्याखाली वाळू द्या, मगच डब्यात ठेवा. घामाच्या गाद्या बंद केल्या तर चार दिवसांत बुरशी धरते.

नवे आले म्हणून जुने लगेच विकायला काढू नका, दोन महिने थांबा. मी एचडी ६५० चं गिऱ्हाईक ठरवलं होतं. पण मुलींचे मुद्रित केलेले आलाप तपासायला बसले की हात त्यांच्याकडेच जायचा, कारण गळ्यातला कणसूर त्यांच्यावर मला चटकन सापडतो. गिऱ्हाईकाला नाही म्हणून कळवलं. आता ते शिकवायच्या खोलीत पेटीशेजारच्या खुंटीला असतात, पावसाळ्यात डब्यात.