लिथ प्रिंटिंगसाठी घरी डेव्हलपर तयार करताना

लिथ प्रिंट म्हणजे डार्करूममध्ये खास डेव्हलपर (प्रकाश दिलेल्या कागदावर चित्र उमटवणारे द्रावण) वापरून काढलेले कृष्णधवल छायाचित्र. त्यात गडद भाग खरखरीत व काळेभोर, तर उजळ भाग मऊ आणि उबदार रंगाचे दिसतात. यामागे संसर्गी विकसन असते: हायड्रोक्विनोन चांदीच्या कणांवर काम करत असताना त्याचेच ऑक्सिडीकरण होऊन जी द्रव्ये तयार होतात, ती शेजारच्या कणांच्या विकसनाला वेग देतात, आणि म्हणून काळेपणा एकदा धरू लागला की झपाट्याने वाढतो. नेहमीच्या डेव्हलपरमध्ये सल्फाइट भरपूर असल्याने ही द्रव्ये लगेच निकामी होतात. घरच्या प्रयोगात म्हणूनच सर्वाधिक लक्ष सल्फाइटच्या प्रमाणाकडे द्यावे.

कोडॅकच्या डी-८५ सारख्या जुन्या सूत्रांत मुक्त सल्फाइट कमी ठेवण्यासाठी पॅराफॉर्मल्डिहाइड वापरत. त्यातून कर्करोगकारक फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, त्यामुळे घरात त्याच्या वाटेला जाऊ नये. द्रावण बरेच पातळ केले, की सल्फाइट आपोआप विरळ होते आणि त्या घटकाची गरजच उरत नाही.

सुरुवातीला तीन साठा-द्रावणे (करून ठेवायची आणि नंतर पातळ करून वापरायची द्रावणे) करावीत. पहिल्यासाठी सुमारे ४० अंश सेल्सिअसच्या ७५० मिलि ऊर्ध्वपातित पाण्यात आधी १० ग्रॅम सोडियम मेटाबायसल्फाइट आणि ते विरघळल्यावरच २० ग्रॅम हायड्रोक्विनोन घालून एकूण १ लिटर करावे. हा क्रम उलटल्यास हायड्रोक्विनोन हवेने तपकिरी होऊ लागते. दुसऱ्यात १ लिटरमध्ये १०० ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट असावे (स्फटिकरूप धुण्याचा सोडा असेल तर सुमारे २७० ग्रॅम लागतो, आणि खाण्याचा सोडा मात्र चालत नाही). तिसरे म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइडचे १० टक्के द्रावण. वजन करताना हातमोजे, चष्मा व धूळरोधक मास्क वापरावा, कारण हायड्रोक्विनोनची भुकटी त्वचेला व डोळ्यांना अपायकारक आहे, आणि मेटाबायसल्फाइटचा उग्र वायू दम्याच्या रुग्णांना विशेष त्रासदायक ठरतो. स्वयंपाकाची भांडी या कामासाठी वापरू नयेत.

कामाच्या १ लिटर द्रावणासाठी पहिले ५० मिलि, दुसरे १०० मिलि, तिसरे १० मिलि आणि उरलेले पाणी, एवढे प्रमाण सुरुवातीला पुरे. ते आपल्या कागदाप्रमाणे बदलावे लागेलच. हे मिश्रण लवकर थकते, म्हणून ऐन वेळी बनवावे. ट्रे आणि चिमटे नेहमीच्या डेव्हलपरपासून वेगळे ठेवावेत, कारण त्यातल्या मेटोल या विकसक रसायनाचा अंश मिसळला तर संसर्गी परिणाम बिघडतो.

कागदाची निवड करताना उबदार छटेचा फोमाटोनसारखा कागद घ्यावा. ज्या कागदात डेव्हलपर आधीच मिसळलेला असतो, तो उपयोगी पडत नाही. प्रकाश नेहमीपेक्षा दोन ते तीन स्टॉप जास्त द्यावा (प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो). उजळ भागांची छटा या प्रकाशावर, तर काळ्यांची खोली कागद कोणत्या क्षणी बाहेर काढला यावर ठरते. आधी बराच वेळ फारसे काही दिसत नाही, मग काळे ठिपके उमटून पसरू लागतात. हवा तेवढा काळेपणा आला, की कागद ताबडतोब स्टॉप बाथमध्ये (विकसन थांबवणाऱ्या द्रावणात) टाकावा. डेव्हलपमेंटला बराच वेळ लागत असल्याने गडद लाल सेफलाइटमुळे (डार्करूममधल्या दिव्यामुळे) कागदावर धुके, म्हणजे नकोसा करडेपणा, तर येत नाही ना, याची आधी चाचणी घ्यावी.

बदल एका वेळी एकाच घटकात करावा, एरवी कशामुळे काय झाले हे कळत नाही. पांढऱ्या भागात मिरीसारखे काळे कण उमटू लागले, तर १० टक्के सोडियम सल्फाइटचे ५ मिलि घालून पाहावे. मात्र सल्फाइट वाढत गेले की संसर्गी परिणाम मंदावून प्रिंट साधारण दिसू लागते. ब्रोमाइड वाढवल्याने उजळ भाग स्वच्छ राहतात आणि वेळ लांबते, तर तापमान वाढवल्याने वेळ कमी होते. वापरून तपकिरी झालेल्या द्रावणाचा थोडा भाग नव्या ताज्या द्रावणात मिसळणे ही जुनी युक्ती आजही उपयोगी आहे, कारण अगदी ताज्या द्रावणातले पहिले प्रिंट बहुधा बाकीच्यांहून वेगळे येते.

फिक्सरमध्ये (चित्र कायम करणाऱ्या द्रावणात) प्रिंट उजळते व रंग बदलतो, आणि वाळल्यावर तो पुन्हा थोडा बदलतो. म्हणून ट्रेमधल्या ओल्या कागदावरून सूत्राबद्दल मत बनवू नये. चाचणीच्या प्रत्येक कागदी पट्टीच्या मागे पेन्सिलीने घटकांची मात्रा, तापमान, प्रकाशाची वेळ आणि बाहेर काढण्याची वेळ लिहून ठेवावी.